लुना ते ई-मेमो : इच्छापोरच्या रस्त्यावरचं हेल्मेट

मंडळी, ताप्ती लाइनच्या पॅसेंजरच्या, लूम खात्याच्या, लिंबायतच्या खोल्यांच्या आठवणी आपण बऱ्याच वाचतो. आज इच्छापोरच्या रस्त्याची थोडी गोष्ट.

1980च्या दशकात हजिऱ्याला ओएनजीसी, कृभको आले, तशी आपल्या खान्देशातली पुष्कळ पोरं लूम सोडून तिकडं ठेकेदाराकडे लागली. उधन्याहून रोज सायकल मारणं काही खरं नव्हतं. मग कुणी जुनी लुना घेतली, कुणी बजाजची स्कूटर. इच्छापोर चार रस्त्याला पोचलं की शेजारून ट्रेलर, टँकर, डंपर. पावसाळ्यात तर समोरचं काही दिसायचं नाही.

आता खरी गंमत बघा. हेल्मेटचा कायदा नवा आहे असं आजही पुष्कळांना वाटतं. पण 1988चा मोटार वाहन कायदा 1 जुलै 1989पासून लागू झाला, त्यातच कलम 129 आहे. चालवणाऱ्यालाही हेल्मेट, मागे बसणाऱ्यालाही. दंड मात्र पहिल्यांदा 100 रुपयांपर्यंत, पुन्हा सापडलात तर 300. शंभराच्या पावतीला कोण भितो? ज्यांच्याकडे हेल्मेट होतं ते आरशाला लटकवायचे आणि लांबून पोलीस दिसला की डोक्यावर. त्यातून मागच्यासाठी दुसरं घ्यायचं, ही कल्पनाच नव्हती. बायको मागे एका बाजूला पाय सोडून, डोक्यावर पदर, मांडीवर पोरगं.

आमच्या गल्लीतल्या एक वहिनी 1996 साली अशाच गेल्या. इच्छापोरच्या अलीकडे ट्रेलरचा धक्का लागला. भाऊंच्या डोक्यावर हेल्मेट होतं, ते वाचले. ट्रेलर थांबला नाही, नंबर कुणी बघितला नाही. गाडी सापडली नाही तरी सरकारकडून भरपाई मिळते, हे तेव्हा आमच्या गल्लीत एकालाही ठाऊक नव्हतं. कायद्यात मृत्यूसाठी आधी 8,500 रुपये होते, 1994मध्ये 25,000 झाले. प्रांताकडे नाहीतर मामलतदाराकडे अर्ज करायचा असतो. भाऊंनी केलाच नाही, सांगणारंच कुणी नव्हतं. 1 एप्रिल 2022पासून ही रक्कम 2 लाख आहे, गंभीर जखमीला 50,000. हे लिहून ठेवा, कुणाच्या तरी घरी लागेल.

पुढे चौकाचौकात कॅमेरे आले आणि पावतीच्या जागी ई-मेमो घरी यायला लागला. 1 सप्टेंबर 2019ला दिल्लीचा सुधारित कायदा आला, हेल्मेट नसेल तर 1,000 रुपये. केवढी बोंब झाली! दहा दिवसांत गुजरात सरकारनं ते 500 वर आणलं. आणि डिसेंबरात तर शहराच्या हद्दीत हेल्मेट मरजियात, म्हणजे ऐच्छिक, असं जाहीर करून टाकलं. ती सवलत टिकली नाही, कारण केंद्राच्या कायद्यातलं कलम राज्याच्या घोषणेनं थोडंच पुसलं जातं! पण तेवढ्यात लोकांनी हेल्मेटं माळ्यावर टाकली ती टाकलीच. 2025च्या फेब्रुवारीत सुरत पोलिसांनी कडक मोहीम काढली तेव्हा धूळ झटकून खाली आली. माझ्या मते तीस वर्षं आपण पावतीचंच गणित करत बसलो. ट्रेलर त्याच रस्त्यानं जात होते.

अजून एक. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं हे खरं, पण ते बिनगिअरच्या, 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं. लुना त्यात बसायची, आजची ॲक्टिव्हा बसत नाही. क्लासला जाणाऱ्या पोराच्या हातात ती दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर 2019च्या सुधारणेनुसार बापाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही.

भाऊ आता रिटायर आहेत, डिंडोलीला मुलाकडे असतात. मुलगा हजिऱ्यालाच कामाला आहे. त्यांच्या दाराशी खिळ्याला दोन हेल्मेटं टांगलेली असतात, दोन्ही आयएसआयची. सून मागे बसली की पट्टा लागला का, हे भाऊ स्वतः ओढून बघतात, मगच फाटक उघडतात.