कानमंत्र ते जात्यावरचं नाम

पूर्णा जंक्शनवरून एक फाटा वसमतमार्गे हिंगोलीकडे जातो. मनमाडच्या दिशेला परभणी लागतं आणि तिथून परळीच्या गाडीनं गंगाखेड. संत नामदेवांचं नरसी, त्यांचे गुरू विसोबा खेचर यांच्याशी जोडलेलं औंढा नागनाथ आणि जनाबाईंचं गंगाखेड ही तिन्ही गावं याच टापूतली. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोवर ती एकाच परभणी जिल्ह्यात होती.

मंत्र गुरूनं शिष्याच्या कानात सांगायचा, तिसऱ्याला कळू द्यायचा नाही, ही जुनी रीत; या टापूतल्या संतांनी ती मोडली. वेदमंत्रांना तर मुंजीची अट. बायका आणि शूद्र उंबऱ्याबाहेरच.

नामदेव (१२७०–१३५०) जातीनं शिंपी. परंपरा सांगते, तेरच्या गोरोबाकाका कुंभारांनी थापटणं घेऊन संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. मग ते गुरूच्या शोधात औंढ्याला आले, तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले! कथा खरी किती, हा वाद बाजूला ठेवू. नंतर नामदेवांनी नाम कीर्तनातून उघड वाटलं, हे महत्त्वाचं. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत.

जनाबाई तर नामदेवांच्या घरची दासी. जपाला वेगळी बैठक कुठली? जात्याचा खुंटा धरायचा, मूठभर दाणे वैरायचे, पाळू फिरवायची आणि फेऱ्याच्या ठेक्यावर नाम घ्यायचं. मंत्राचा ‘लाभ’ विचारणाऱ्याला तिच्या अभंगांत उत्तर सापडतं: विठ्ठल स्वतः दळू लागतो, म्हणजे कष्टाला सोबत मिळते. धनप्राप्तीची हमी देणाऱ्या आजच्या पुस्तिकांपेक्षा हा हिशेब प्रामाणिक वाटतो. पंढरपूरजवळ गोपाळपुरात जनाबाईचं म्हणून एक जातं आजही दाखवतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांतही विठ्ठल घरच्या माणसासारखा येतो.

वारकऱ्यांचा ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र पुढचा, सतराव्या शतकातला. माघ शुद्ध दशमीला बाबाजी चैतन्यांनी तो स्वप्नात दिला, असं तुकोबांनीच सांगून ठेवलंय. म्हणजे गुरूकडून मिळालेला मंत्रही त्यांनी झाकून ठेवला नाही.

पिठाच्या गिरण्या आल्या नि जाती कोपऱ्यात गेली. ‘रामकृष्णहरी’ मात्र फोन उचलतानाही ऐकू येतो. मराठवाड्यातल्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सातही दिवस खाली ठेवत नाहीत. पाळी संपली की पुढचा पहारेकरी ती गळ्यात घेतो, थेट काल्याच्या कीर्तनापर्यंत.