दशांश सेकंदाचा न्याय

रांझीत बर्फ दिसतो तो गोणपाटात गुंडाळलेल्या लादीच्या रूपाने; त्यावरून कोणी शर्यत धावावी, ही कल्पनाच येथे करमणुकीची वाटते. तथापि येवगेनी ग्रीशिन या सोव्हिएत स्केटिंगपटूचे चरित्र आम्हांस परके वाटत नाही. २३ मार्च १९३१ रोजी तो तूला या गावी जन्मला. पीटर द ग्रेटच्या आज्ञेने १७१२ साली तेथे शस्त्रांचा कारखाना निघाला आणि बंदुकांचे गाव अशीच तूलाची ख्याती झाली. १९०४ च्या तोफगाडी कारखान्यापासून जबलपूरची एक बाजू भोंग्याच्या ठोक्यावर जगत आली आहे. येथील माणसास अशा गावाची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही. भाग गेजमध्ये बसला तर पास, न बसला तर बाद, हे येथील पोरासही ठाऊक असते. ग्रीशिनच्या कीर्तीचा प्रश्नही अखेर मापाचाच आहे.

वेगाच्या स्केटिंगमध्ये सारे स्पर्धक एकदम सुटत नाहीत. ४०० मीटरच्या मार्गावर दोघे दोघे धावतात, आतली व बाहेरची पट्टी आलटून पालटून घेतात, आणि सर्वांत पहिला कोण हे डोळा नव्हे, घड्याळ सांगते. ५०० मीटरची शर्यत म्हणजे अवघी सव्वा फेरी.

१९५६ साली सोव्हिएत संघ हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रथमच उतरला. इटलीतील मिझुरीना सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठावर ग्रीशिनने ५०० मीटर ४०.२ सेकंदांत कापून स्वतःच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. पुढे १५०० मीटरमध्ये त्याने २ मिनिटे ८.६ सेकंद असा नवा विक्रम नोंदविला. परंतु त्याच्याच देशाच्या यूरी मिखाइलोवची वेळही नेमकी तीच भरली. सुवर्णपदके दोघांस मिळाली. चार वर्षांनी अमेरिकेतील स्क्वॉ व्हॅलीत हाच प्रकार घडला: १५०० मीटरमध्ये ग्रीशिन आणि नॉर्वेचा रोआल्ड आस यांची वेळ २ मिनिटे १०.४ सेकंद अशी एकच लागली.

हे दोन्ही जोडीदार खरोखरच समान होते काय? त्या काळी वेळ दशांश सेकंदापर्यंतच नोंदवीत. १९५६ च्या त्या वेगाने धावणारा माणूस एका दशांशात सव्वा मीटरच्या आसपास अंतर तोडतो. म्हणजे दोघांत हात-दोन हात अंतर असूनही कागदावर ते बरोबरीत येऊ शकत होते. यावरून कोणी म्हणेल, की ग्रीशिनच्या चार सुवर्णपदकांपैकी दोन घड्याळाच्या मेहेरबानीची. आमचे मत तसे नाही.

कारण त्याच व्यवस्थेने त्याला दिले तसे राखूनही ठेवले. स्क्वॉ व्हॅलीत ५०० मीटरच्या अखेरच्या टप्प्यात तो अडखळला, तरी वेळ ४०.२ च भरली आणि अमेरिकेच्या डिझ्नीला एका दशांशाने मागे टाकून त्याने सुवर्णपदक राखले. त्यानंतर तेथेच, स्पर्धेबाहेरच्या धावेत, त्याने ३९.६ सेकंदांची वेळ दिली. चाळीस सेकंदांची वेस माणसाने ओलांडली होती, परंतु ती वेळ अधिकृत ठरली नाही. अधिकृत नोंद व्हावयास जानेवारी १९६३ उजाडला: अल्माअताजवळच्या मेदेओच्या मैदानावर लागोपाठ दोन दिवस त्याने ३९.६ आणि ३९.५ सेकंद दिले.

१९६४ साली इन्सब्रुक येथे मॅकडरमट नावाच्या अमेरिकन न्हाव्याने ४०.१ सेकंदांत सुवर्ण नेले, आणि रौप्यपदक एकाच ४०.६ सेकंदांच्या वेळेवर ग्रीशिन, ओर्लोव आणि नॉर्वेचा येस्तवांग या तिघांस मिळाले. १९६८ साली ग्रेनोब्लला वयाच्या सदतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर ग्रीशिनने पुन्हा ४०.६ सेकंदच दिले. या खेपेस त्याच वेळेला चौथा क्रमांक आला, पदक नाही. माणूस तोच, वेळ तीच, फळ मात्र निराळे. २००५ साली त्याचे निधन झाले.

पुढे मापे सूक्ष्म झाली. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये शतांश आले. २०१४ साली सोची येथे १५०० मीटरमध्ये पोलंडचा ब्रोदका आणि हॉलंडचा फेरवाइ यांची वेळ शतांशापर्यंत एकच, १ मिनिट ४५.०० सेकंद, भरली. तेव्हा सहस्रांश काढून तीन सहस्रांशांनी ब्रोदकास विजयी ठरविले. अंतर काढू गेल्यास ते सुमारे चार सेंटिमीटर भरते. पंधराशे मीटर धावल्यावर चार सेंटिमीटर!

आम्हां सरकारी कारकुनांस ही तऱ्हा परिचित आहे. एकाच दिवशी रुजू झालेल्या दोघांना ज्येष्ठतायादीत एका ओळीत लिहिता येत नाही. कोणाला तरी वर घालावेच लागते, आणि मग जन्मतारखेचा आधार शोधला जातो. बढतीची जागा एकच असते, म्हणून हे क्षम्य. परंतु पदक दुसरे घडविता येते. जेथे वाटून देण्यास अडचण नाही, तेथे चार बोटांहून कमी अंतराचा भेद उकरून काढण्यात न्याय अधिक होतो, असे आम्हांस वाटत नाही.

गेज जेवढे दाखविते तेवढेच त्याने बोलावे, हा कारखान्यातील जुना नियम आहे. १९५६ आणि १९६० च्या पंचांनी तो पाळला. आपल्या घड्याळाला याहून पुढे दिसत नाही, असे त्यांनी मानले आणि दोन माणसांना शेजारी शेजारी उभे केले. म्हणून ग्रीशिनची ती दोन पदके आम्ही अर्धी मोजीत नाही. चारही पूर्णच मोजतो, आणि मिखाइलोव व आस यांचीही तशीच.