प्रदेशाचे वृत्तपत्र आणि त्याचा वाचक

वृत्तपत्राचा इतिहास सांगावयाचा म्हणजे संस्थापक, संपादक आणि अंकांच्या तारखा सांगावयाच्या, अशी आपल्याकडे रीत आहे. ती रीत वाईट नाही. पण तिच्यात एक माणूस हटकून सुटून जातो, आणि तो म्हणजे वाचक. बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी बोलताना तरी त्याला सोडून आम्हांला चालणार नाही. वृत्तपत्रे शहरांत छापली जातात. पण ती जगावयाची की नाही, हे पुष्कळदा अशा गावांत ठरते. ‘मराठवाडा’ या पत्राच्या इतिहासाकडे आज आपण या बाजूने पाहू.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात प्रजा तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी, तर कारभार उर्दूतून. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षण उर्दूतूनच मिळे. बिलोली तर सीमेवरचे गाव. बाजारात तिन्ही-चारी भाषा कानांवर पडाव्यात, आणि कचेरीच्या पायरीवर आपली भाषा विसरून जावे, अशी येथल्या शेतकऱ्याची स्थिती होती. सभा भरवावयाची तरी सरकारी परवानगी लागे. अशा मुलखात मराठी वृत्तपत्र काढणे ही केवळ छापखान्याची गोष्ट नव्हती. लक्ष्मणराव फाटकांनी १९२० साली ‘निजाम विजय’ सुरू करून वाट पाडली. पुढे १० फेब्रुवारी १९३८ रोजी आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक काढले.

या नावाकडे लक्ष द्यावे. हैदराबादच्या मानाने एका कोपऱ्यात पडलेल्या पाच मराठी जिल्ह्यांना त्या पत्राने आपल्या मथळ्यावर आणून बसविले. सरकारला ते रुचले नाही. बंदी आली, तेव्हा वाघमाऱ्यांनी नाव बदलून पत्र काढले. त्या नावावर बंदी आली, तेव्हा आणखी एक नाव घेतले. संस्थानाच्या हद्दीबाहेर, ब्रिटिश मुलखात छापावे आणि अंक आत पाठवावेत, असा हा उद्योग चालला.

आम्हांला विचारावेसे वाटते ते हे की, नाव दर वेळी निराळे असताना वाचकाने ते पत्र ओळखले कसे? दुकानदार नाव बदलतो तेव्हा गिऱ्हाईक तुटते. येथे तुटले नाही. कारण वाचक नावाला नव्हे, मजकुराला बांधलेला होता. बंदी असलेला अंक जवळ बाळगण्यातही धोका होता. तो धोका वाचकाने पत्करला, म्हणूनच संपादकाचे धाडस फुकट गेले नाही.

हा धोका कल्पनेतला नव्हता, हे बिलोलीकरांना सांगावयास नको. १९४६ साली याच तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. आणि हा झगडा भाषेभाषेतला किंवा धर्माधर्मातला नव्हता, याची साक्ष शोएबुल्ला खान देतात. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे हे तरुण संपादक. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे त्यांनी उर्दूतच लिहिले, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांना ठार करण्यात आले. त्यानंतर महिन्याच्या आत, १७ सप्टेंबरला, संस्थान मुक्त झाले.

परंतु वाचक नेहमीच पत्राला तारतो असे मात्र नाही. याचे एक उदाहरण जपानात आहे. नागानो या डोंगराळ प्रांतातून ‘शिनानो मैनिची’ हे दैनिक १८७३ पासून निघते. १९३३ च्या ऑगस्टात तिचे संपादक किर्यू यूयू यांनी हवाई हल्ल्याच्या लष्करी सरावावर टीका केली. शत्रूची विमाने टोकियोवर पोचल्यावर सराव काय कामाचा, लाकडी घरांचे ते शहर जळून जाईल, असे त्यांचे म्हणणे. निवृत्त सैनिकांच्या संघटनेने पत्रावर बहिष्काराची धमकी दिली, आणि किर्यूंना जावे लागले. मार्च १९४५ मध्ये एका रात्रीत टोकियोचा मोठा भाग जळाला. सुमारे लाखभर माणसे मेली. पत्र आजही चालू आहे; पण त्या वेळी खरे बोलणारा माणूस त्याला राखता आला नाही.

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. पुढे अनंत भालेराव ‘मराठवाड्या’चे संपादक झाले, पत्र औरंगाबादेहून निघू लागले आणि १९६८ साली दैनिक झाले. आणीबाणीत भालेरावांनी तुरुंगवास सोसला. एवढ्यावर थांबलो असतो तर व्याख्यान गोड झाले असते. पण इतिहास येथे थांबत नाही. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. ‘मराठवाड्या’ने नामांतराला विरोध केला. ठरावामागोमाग दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातच टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. त्या हिंसेचा दोष एका पत्राच्या माथी मारणे न्यायाचे नाही. परंतु ज्या पत्राने या प्रदेशाचे नाव धारण केले होते, त्या पत्रात आपला मराठवाडा दिसत नाही, असे या प्रदेशातल्या कितीतरी घरांना त्या दिवसांत वाटले, ही गोष्ट झाकता येणार नाही. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, साडेपंधरा वर्षांनंतर. भालेराव १९९१ सालीच निवर्तले होते; पुढे ते दैनिकही बंद पडले.

या साऱ्यातून आम्ही घेतो तो बोध असा. संपादक बंदीपुढे वाकला नाही, एवढ्याने पत्र प्रदेशाचे होत नाही. प्रदेशातली सर्व घरे त्याच्या दृष्टीस पडावी लागतात. आणि वाचकाने वर्गणी भरली, एवढ्याने त्याचे काम संपत नाही. मनाविरुद्धचे खरे ऐकून घेणे आणि मनाजोगते खोटे नाकारणे, ही दोन्ही कामे त्याची आहेत. उद्या सकाळी हातात येणारे पत्र कोणतेही असो. त्यात आपल्या गावाची कोणती गल्ली दिसत नाही, एवढे प्रत्येकाने पाहावे, ही आमची विनंती आहे.