निळ्या मुलांचे निदान

१७६१ साली व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर या वैद्याने छातीवर बोटांनी ठोकून आतली स्थिती ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. १८१६ साली पॅरिसमध्ये लायनेकने कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावली आणि स्टेथॉस्कोप जन्मास आला. पुढे कित्येक वर्षे कानाचेच राज्य होते. मोठ्या माणसांत ते चालून गेले. पण पोर रडते, हातपाय झाडते. श्वास इतका जलद की हृदयाचा आवाज त्यात बुडून जातो. शिवाय हृदयाची मर्मर धडधाकट मुलांतही पुष्कळदा ऐकू येते. उलट, हृदयाच्या पडद्याला बारीक छिद्र असले तर गोंगाट मोठा, आणि छिद्र थोर असले तर कित्येकदा आवाज बेताचाच! आवाजावरून रोगाचे माप काढू गेल्यास आपली फसगत ठरलेली.

१९३० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मुलांच्या हृदयविभागाची सूत्रे डॉ. हेलन टॉसिग यांच्या हाती आली, आणि त्यांना तर ऐकू येईनासे झाले. आपल्याकडे अशा वैद्यास लोकांनी घरीच बसविले असते. बाईंनी छातीवर हात ठेवून ठोके नि थरथर ओळखण्याचा सराव केला, आणि मुलाला क्ष-किरणांच्या पडद्यापुढे वळवून वळवून हृदयाची आकृती न्याहाळली. निळ्या मुलांचे गूढ मात्र त्यांना फुप्फुसांत उलगडले. हवा आत जाते, मग ओठ निळे का? पडद्यावर फुप्फुसे वाजवीपेक्षा स्वच्छ दिसत, कारण त्यांत रक्तच कमी पोहोचत होते. महारोहिणीला फुप्फुसाच्या रोहिणीशी जोडणारी, जन्मानंतर मिटणारी नळी उघडी असेतोवर मूल त्यातल्या त्यात बरे असे. ती मिटली की खालावे. मग तशीच वाट हाताने का करू नये?

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी शल्यवैद्य ब्लॅलॉक यांनी ती केली. कुत्र्यांवर प्रयोग करून ही रीत बसविणारे व्हिव्हियन थॉमस त्यांच्या पाठीशी उभे राहून सूचना देत होते. कृष्णवर्णीय आणि वैद्यकाची पदवी नसलेल्या या साहाय्यकाचे नाव पुढे बरीच वर्षे मागेच राहिले, हे आम्हांस खटकते.

क्ष-किरणांचा पडदाही निर्धोक नव्हता. रोगी आणि वैद्य दोघांनाही किरण सोसावे लागत. हृदयात नळी सरकवून दाब मोजणे अधिक नेमके, पण तान्ह्या मुलांत जोखमीचे. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे एडलर व हेर्ट्झ यांनी धातूतले दोष शोधणारे ध्वनियंत्र हृदयाकडे वळविले. आज त्या प्रतिध्वनीवर मुलाच्या हृदयातली छिद्रे, झडपा, रक्ताचा ओघ दिसतो, आणि टोचावेही लागत नाही. हवेने भरलेल्या फुप्फुसात मात्र तो ध्वनी खोल शिरत नाही. तेथे क्ष-किरणचित्र अजून लागतेच.