नवी पांढरी

प्रशस्त रस्ते, सुटीं घरें, मुलांस मैदान, जवळच शाळा व दवाखाना, हें उपनगराचें चित्र आपल्या मध्यमवर्गास फार प्रिय आहे. परंतु अशा वसाहतींचा उगम पुष्कळदां सुखाच्या हौशींत नसून संकटाच्या धाकांत असतो. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला, १८९८ सालीं तेथें इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याच्याच आंखणींतून पुढें दादर-माटुंग्याच्या वसाहती उदयास आल्या. धाराशिव जिल्ह्यांत हाच क्रम जवळजवळ शंभर वर्षांनीं खेड्यांच्या वांट्यास आला. तेथें प्लेगाचें काम भूकंपानें केलें.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असतां, पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं धरणी हादरली. हा भूकंप किल्लारीच्या नांवानें ओळखला जातो. किल्लारी लातूर जिल्ह्यांत. पण लगतच्या धाराशिव, तेव्हांच्या उस्मानाबाद, जिल्ह्यांतील सास्तूर, होळी, राजेगांव हीं गांवेंही उद्ध्वस्त झालीं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारें आठ हजार माणसें दगावलीं. दगड-मातीच्या रुंद भिंती व वर मातीचें माळवद अशी तेथील घरांची बांधणी होती. गळती थांबावी म्हणून माळवदावर वेळोवेळीं नवा थर चढे व भार वाढत जाई. उन्हाळ्यांत गारवा देणारें घरच त्या पहांटे काळ झालें.

पुढें जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्यानें शासनानें पुनर्वसन हातीं घेतलें, आणि पन्नासांहून अधिक गांवें नव्या जागीं वसलीं. सरळ रस्ते, आंखलेले भूखंड, शाळा, आरोग्यकेंद्र, समाजमंदिर, नळाचें पाणी असा नगररचनेचा थाट खेड्यांस लाभला. घराचा आकार मात्र जमिनीवरून ठरला. भूमिहीनांस व १ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांस २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत ४५०, आणि त्याहून अधिक जमीन असणारास ७५०. शेत मोजलें गेलें. घरांत माणसें किती, हें मोजलें गेलें नाहीं. भूमिहीनाच्या चार मुलांचा संसारही त्याच २५० फुटांत बसवावयाचा होता.

जुन्या पांढरीवर भावकीच्या आळ्या होत्या. ओसरीवर एक आजी बसली कीं आळींतलीं सारीं मुलें तिच्या नजरेखालीं असत. नव्या गांवाचा पसारा जुन्याच्या कित्येक पट झाला. शेजार विरळ झाला, आणि लांबच लांब रस्ते, दिवे व नळ यांची देखभाल ग्रामपंचायतीस जड जाऊं लागली. मग लोकांनींच उरलेलें काम आरंभिलें. कोणी पत्र्याची पडवी काढली, कोणी चूल बाहेर मांडली, कोणी दारांत झाडें लाविलीं. आराखड्यास न मानवणाऱ्या या भरींतूनच वसाहतीस गांवपण येऊं लागलें.

जुन्या घरांकडे परत जावें असें आम्ही म्हणत नाहीं. छप्पर अंगावर न कोसळणें ही कुटुंबाची पहिली सोय होय. परंतु जेथें हानि तुलनेनें कमी होती, त्या गांवांत शासनाच्या साहाय्यानें घरमालकांनीं स्वतःच आपलीं घरें दुरुस्त व मजबूत करून घेतलीं, हीही गोष्ट त्याच इतिहासांतील आहे. सोयींची यादी करतांना ज्यांना राहावयाचें त्यांना, आणि विशेषतः घर चालविणाऱ्या स्त्रियांना, आधीं विचारलें असतें, तर पडवी व ओसरी त्या यादींतून सहसा सुटली नसती. नव्या उपनगरांचे नकाशे काढणारांनीं धाराशिवकडून एवढें तरी शिकावें.