मेलेल्यांचं नागरिकत्व

टीव्हीवरच्या झोंबीला आपण भूतपटातलं पात्र समजतो. त्याचा इतिहास मात्र उसाच्या मळ्यातला आहे. हैतीत फ्रेंच मळेवाले आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना मरेपर्यंत राबवत. तिथल्या लोककथेतला झोंबी माणसं खात नाही. तो कबरीतून उठवलेला मजूर असतो. मेल्यावरही मालकाची चाकरी सुटू नये, यापेक्षा मोठं भय गुलामाला कुठलं असणार?

1804मध्ये हैती स्वतंत्र झाला. 1915 ते 1934 तिथं अमेरिकी फौजांचा ताबा होता. त्याच काळात, 1929 साली विल्यम सीब्रुकच्या पुस्तकानं ही कथा अमेरिकेत पोचवली. 1932च्या ‘व्हाइट झोंबी’ सिनेमात प्रेतं साखर कारखाना चालवतात. एक जण यंत्रात पडतो, बाकीचे थांबतही नाहीत.

माणसं खाणारा झोंबी जॉर्ज रोमेरोनं 1968मध्ये आणला. गंमत म्हणजे त्याच्या त्या सिनेमात झोंबी हा शब्दच नाही, ‘घूल’ आहे. म्हणजे आपल्या ओळखीचा अरबी ‘गूल’!

टीव्हीनं यातून उपहास काढला. चार्ली ब्रूकरच्या ‘डेड सेट’मध्ये (2008) बाहेर देश संपतो आणि ‘बिग ब्रदर’च्या घरातल्यांना पत्ताच नसतो. ‘बिग बॉस’ बघणाऱ्यांनी जरूर पाहावी.

पण मला जास्त भिडली ती बीबीसी थ्रीवरची ‘इन द फ्लेश’ (2013). उठलेले मेलेले औषधानं बरे होऊन गावी परततात. चेहऱ्याला रंग आणि डोळ्यांत लेन्स घालून ‘आपल्यासारखे’ दिसले, तरच खपवून घेतले जातात. पहिल्याच भागात एका म्हातारीला नवऱ्यादेखत घराबाहेर ओढून गोळी घातली जाते. मारणारे शेजारीच. दुसऱ्या हंगामात सरकारी योजना येते : नागरिकत्व परत हवं तर बिनपगारी राबा. लेखक डॉमिनिक मिचेल इंग्लंडमधल्या खेड्याची गोष्ट सांगतोय, हे मी जाणतो. तरी कागदपत्रांच्या फायली जपणाऱ्या घरात ही मालिका वेगळी दिसते. शिवाय झोंबी फिरून पुन्हा हैतीच्या मळ्यात पोचला, तोही कायद्यानं.

नऊ भागांनंतर ती बंद पडली. अमेरिकेची ‘द वॉकिंग डेड’ मात्र 2010 ते 2022 चालली. तिच्यातले मेलेले बोलत नाहीत, त्यामुळे गोळी घालताना कुणाला फारशी अडचण येत नाही.