हिरवळीवरचे डॉलर: बुरशी, पारा आणि पाच दिवसांचं हवामान

आजचा विषय आहे गोल्फच्या मैदानावरची बुरशी. हसू नका, यात द्राक्षबाग आहे, विष आहे आणि शेवटी थोडं गणितही आहे.

गोल्फमध्ये जिथे चेंडू खड्ड्यात ढकलतात, त्या हिरवळीला ग्रीन म्हणतात. तिथलं गवत जेमतेम 3 मिलिमीटर ठेवतात. पान तोकडं, म्हणून अन्न कमी. असं अर्धपोटी गवत बुरशीला आयतंच सापडतं.

आपल्या इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पेपरात फ्रेडरिक टेलर असायचा, आठवतो? स्टॉपवॉच लावून कामगारांचं काम मोजणारा. त्याला ग्रीनचं गवत वाढवायचाही नाद होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फिलाडेल्फियातल्या त्याच्याच गवतावर ‘ब्राउन पॅच’ हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला. 1919 मध्ये पायपर आणि को यांनी त्यामागची बुरशी जाहीर केली: रायझोक्टोनिया.

पहिला उपाय द्राक्षबागेतून आला, बोर्डो मिश्रण. मोरचूद आणि चुना. नाशिकच्या बागायतदाराला हे सांगायला नको. पण द्राक्षाच्या वेलीला चालतं ते ग्रीनला चालेलच असं नाही. पुन्हा पुन्हा फवारून मातीत तांबं साठलं आणि गवतच आजारी पडू लागलं.

मग 1920 च्या दशकात आला पारा. पाऱ्याची क्लोराइडं, म्हणजे आपल्या रसकापुराच्या कुळातली. रोग थांबला, पण विष मातीत राहिलं. अमेरिकेत ग्रीनवरचा पारा पूर्ण बंद व्हायला 1990 चं दशक उजाडलं.

दरम्यान दुसरा रोग डोकं वर काढून होता. चांदीच्या डॉलरएवढे वाळके ठिपके, म्हणून नाव ‘डॉलर स्पॉट’. त्यावर कॅडमियम वापरलं, तर 1960 च्या दशकाच्या अखेरीस बुरशी त्याला दाद देईना. पुढे बेनोमिल आलं, त्याचीही तीच गत. एकच औषध सतत मारलं की त्यातून वाचणारी बुरशीच तेवढी उरते आणि वाढते.

गंमत म्हणजे जुने माळी पहाटे लांब बांबू फिरवून गवतावरचं दव झाडायचे. ते बरोबरच होतं! पान जितका वेळ ओलं, तितकी या बुरशीची चंगळ. गवताला नत्र कमी पडलं तरी डॉलर स्पॉट वाढतो. ब्राउन पॅचचं उलटं, त्याला जादा नत्र आवडतं. म्हणजे एका रोगावरचा उतारा दुसऱ्याला खतपाणी.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. 2018 मध्ये स्मिथ, कर्न्स आणि सहकाऱ्यांनी एक मॉडेल प्रसिद्ध केलं. इनपुट दोनच: गेल्या पाच दिवसांचं सरासरी तापमान आणि आर्द्रता. आत साधं लॉजिस्टिक रिग्रेशन. डॉलर स्पॉटची शक्यता साधारण 20 टक्क्यांवर गेली तरच फवारायचं.

मला यातलं हेच भावतं. शंभर वर्षं माणूस विचारत होता, ‘काय फवारू?’ खरा प्रश्न होता, ‘आज फवारायची गरज आहे का?’ तुमच्या शेतात, बागेत, कुंडीत औषध मारण्याआधी तेवढं एकदा विचारा. भेटू पुढच्या भागात!